अरुंधतीचा सातवा माणूस

३ जानेवारी २००७
संकल्प: पीएच.डी. यंदाच. विषय – लैंगिक ओळख, धर्म आणि समुपदेशन. अख्ख्या जालन्यात या विषयाला हात घालणारा पहिला मीच. (दुसरी अरुंधती. आमच्याच डिपार्टमेंटला, पाच वर्षं ज्युनिअर. तिला मोजत नाही.) ३१ मार्चपर्यंत तीस मुलाखती, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. चौऱ्याऐंशी प्रश्नांचा फॉर्म तयार. धाकटा भाऊ मुकुंद झेरॉक्स काढून आणतो म्हणाला.

११ जानेवारी, स. ११
कॉलेजात समुपदेशन कक्ष उघडला. पाटी स्वतः रंगवली: ‘संपूर्ण गुप्तता. समलिंगी व्यक्तींनी रांगेत यावे. नाव शिपाई धर्मराजकडे नोंदवावे.’

सायं. ५
कोणी आलं नाही. जालन्यात बहुधा तसं कोणी नसावं. हाही एक निष्कर्षच.

२५ जानेवारी
अरुंधतीच्या चार मुलाखती झाल्या. फॉर्मसुद्धा नाही तिच्याकडे. दर गुरुवारी दत्तमंदिरात वाती वळत बसते म्हणे. हात चालू असले की माणसं आपोआप बोलतात म्हणे. याला संशोधन म्हणतात? मला जळफळाट वगैरे झाला नाही. ॲसिडिटी आहे.

१ फेब्रुवारी, दु. ३
पावशेर कापूस आणून केबिनमध्ये बसलो. वात जमेना, कापूस नाकात. धर्मराज डोकावला. सर, हे काय करून राह्यलात म्हणाला, आणि पाच वाती वळून दिल्या. हात चालू आहेत असं पाहून त्याला फॉर्ममधला एक प्रश्न विचारला. तसा उठला आणि केबिनमध्ये पुन्हा येणार नाही म्हणाला.

२२ फेब्रुवारी, दु. ४
सेमिनार. अरुंधतीने पेपर वाचला. तिचा सातवा माणूस बारा वर्षं देवाला म्हणत होता, मला बदल. एक दिवस मागणं सोडलं, तेव्हा कुठे देव जवळचा वाटला. हेड चष्मा पुसत होते. असा माणूस मला का मिळू नये? हेवा वाटतो. लिहूनच टाकलं.

रा. ८
जेवताना मुकुंदला सगळं सांगितलं. हा सातवा माझ्याकडे आला असता तर काम झालं असतं, असंही म्हणालो. मुकुंद भाकरी मोडत म्हणाला, दादा, तो मीच हाये.
थट्टा वाटली. मग त्याचं तोंड पाहिलं. घरात संशोधक असताना तिच्याकडे का गेलास, विचारलं. म्हणाला, तुझा फॉर्म झेरॉक्सला मीच नेल्ता. पहिलाच प्रश्न व्हता, ‘हा दोष आपणास केव्हापासून आहे?’ मंग काय बोलावं म्या?

२३ फेब्रुवारी
फॉर्म रद्दीत घातले. अरुंधतीचा राग येतोच आहे. तिला दोन तासांत कळलं ते मला चौतीस वर्षं एका घरात राहून कळलं नाही.
मुकुंद म्हणाला, तुझ्याशीबी बोलतो, पण वही बाजूला ठेव. ठेवली. तासभर समोरासमोर बसलो. चहा घेणार का, एवढंच विचारता आलं. घेतो म्हणाला.