चंद्रभानचा डबा

इंग्लंड, ९ मे १९८१

प्रिय वच्छला,
तुले अन् लेकरांले आशीर्वाद. हातमागाचं प्रदर्शन निपटलं. आता चार दिवस शेजारच्या गोदूमावशीच्या चंद्रभानकडे आहो. तब्येत चांगली आहे.

तो रोज मले समुद्र दाखवून राहिला. खडकांवर सील नावाचे समुद्रातले जनावरं म्हशींसारखे पसरले राहतात.

पण शंका येते वं. मले म्हणे, मिलमधून सुटी काढली. मंग त्याची बायको सकाळी ड्यूटीचा डबा काहून भरून देते?

आज त्यानं किनाऱ्यावर डबा उघडला, तर एक लंगडा पांढरा पक्षी थेट त्याच्या गुडघ्याजवळ उतरला. त्यानं न पाहताच पोळी तोडून देली. "रोजचाच आहे गा," बोलून गेला, अन् घाईनं डबा झाकला.

नोकरी गेली का, विचारायची हिंमत झाली नाही.

गोदूमावशी लेकाची खुशाली विचारतील. सांगजो, तिकडची पाखरंही त्याले ओळखतात.

तुझा,
श्रावण