मढची हवा आणि देवनारचा धूर

प्रिय अनंत,

सप्रेम जय भीम. गुडघा काय म्हणतोय? सुगंधाला आणि पोरांना आशीर्वाद. तुझी अक्का नीट जेवते ना? मालन माझा फोन घेत नाही, म्हणून हे कागदावर. 'बिडी सुटेल तेव्हाच देवनारला पाऊल टाकीन' असं म्हणून ती तुझ्याकडे दहिसरला आली, त्याला पावसाळा झाला, हिवाळाही सरत आला. दोघांचा चहा टाकायची माझी सवय काही जात नाही. बिडीची मात्र गेली.

खरंच गेली. नाक्यावरच्या व्यसनमुक्ती केंद्रात मी नाव घातलं होतं. त्या केंद्राची गंमत अशी, की देणगीदार पैसे देतात ते माणसाने बिडी सोडल्यावरच, तेही त्याने मशीनमध्ये फुंकून दाखवल्यावर. त्यामुळे तिथल्या तेजल मॅडम मला दहावीच्या पोरासारखं जपायच्या. सकाळ-संध्याकाळ फोन, खिशात बडीशेप. (दाजी, तलफ आली का, असं तू कधी विचारलंस?)

पण नशीब बघ. तपासणीच्या आदल्या दिवशी इथल्या डम्पिंग ग्राउंडवरचा कचरा पेटला, घरात धूरच धूर. मी फुंकलं तर मशीन म्हणालं, हा पितो. शेजारच्या चेतनाने ही बातमी तत्परतेने तुझ्या अक्काला कळवली. इकडे केंद्राचे पैसे अडकले. मग मॅडमनी मला फेरतपासणीआधी चांगल्या हवेसाठी मढला धाडलं, हर्बर्ट नावाच्या ओळखीच्या मच्छीमाराकडे. तर हा गृहस्थ अंगणात बसून सिगारेटमागून सिगारेट ओढतोय! मी खाट वाऱ्याच्या वरच्या बाजूला ओढली. यांना केंद्रात का घेत नाही, असं फोनवर विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "काका, त्यांची सुटणारी नाही. आमचा निकाल बिघडतो." म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच दार बंद.

हवा झकास होती, बोंबील ताजे होते. पण मालनसोबत असं निवांत बसायचं राहूनच गेलं रे. संध्याकाळी तिची इतकी आठवण आली, की माझा चेहरा बघून हर्बर्टने न विचारताच सिगारेट पुढे केली. मी घेतली नाही.

फेरतपासणीत पास झालो. केंद्राला पैसे मिळाले, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून मॅडमचे फोन बंद. आता दिवसभर कुणी काही विचारत नाही.

तुझा दाजी,
भाऊराव

ता. क. तुमच्या मेहुण्याची तंबाखू सुटण्यासारखी आहे का, असं मॅडमनी विचारलं होतं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी तुझं नाव लिहूनच घेतलं नाही.

आणखी एक. मालन म्हणेल, मढच्या हवेत कुणीही पास होईल. बरोबर आहे तिचं. म्हणून तिला एकदा इकडे घेऊन ये. माझ्या तोंडाचा वास तिनेच घ्यावा. बिडीचा आला तर आल्या पावली परत जाऊ दे, मी अडवणार नाही. (अडवीन. पण एवढं तिला वाचून दाखवू नकोस.)