मागचा डावा दरवाजा

लातूर, ८ जुलै २०२४

प्रिय वहिदा हिस,
स. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येत नाही. फोन वाजला की आमचे हे जवळ येऊन बसतात. म्हणून शाळा सुटल्यावर लिहायचो तसं पुन्हा पत्र.

पुतण्या बालाजी उद्या हे पत्र आणि आमची गाडी घेऊन तुमच्या गॅरेजवर येईल. मागचा डावा दरवाजा आत गेलाय. तुझ्या ह्यांना, लालभाईंना म्हणावं, ठोकून, खड्ड्यात लांबी भरून, रंग मारून द्या, बदलू नका. नवा दरवाजा म्हटलं की विम्याचा क्लेम आला, आणि त्याचा मेसेज थेट पुण्याला सिद्धेश्वरच्या मोबाइलवर जातो. मग तो येईल आणि वडिलांच्या हातून किल्ली काढून घेईल.

औसा रोडला वळताना ह्यांनी गाडीची डावी बाजू एका ट्रॉलीवर घातली. ट्रॉलीवाला मागोमाग घरी आला, म्हणून मला कळलं. ह्यांना काहीच आठवत नाही. ह्यांनी शेजारच्या गुरुलिंगला धरलं, तुझ्याच पोरानं फटफटी घातली म्हणून. गुरुलिंग माझ्याकडे बघत राहिला. मी जमिनीकडे बघत राहिले. मागच्या वेळी बंपरचं आणि त्याआधी मडगार्डचं असंच झालं होतं, ते तू जाणतेसच.

ह्यांचा उभा जन्म एस.टी. चालवण्यात गेला, एक अपघात नाही. त्याचा बिल्ला देव्हाऱ्याशेजारी टांगलाय. सिद्धेश्वरनं वर्षाराणीला क्लाससाठी आमच्याकडे ठेवली, तेव्हापासून नातीला सोडणं-आणणं हीच ह्यांची ड्युटी. तेवढी गेली तर माणूस बसल्या जागी संपेल गं.

लालभाईंना नमस्कार. मुदखेडच्या शाळेत होता तेवढाच जीव माझ्यावर असू दे.
तुझी,
तारामती

*

नांदेड, १५ जुलै २०२४

प्रिय तारा हिस,
सलाम आणि स. न.

तुझं अक्षर अजून मुंग्यांच्या रांगेसारखंच आहे. गुरुजी चष्मा पुसपुसून वाचायचे ते आठवलं आणि एकटीच हसले. पण पुढचं वाचून हसू गेलं.

गाडी यांनी नीट पाहिली. यांचं म्हणणं असं की पत्रा ठोकून निघतो, रंग केला की शोरूमवाल्यालाही कळायचं नाही. पण दरवाजाच्या पोटात एक लोखंडी दांडी आडवी असते, बाहेरून धडक बसली तर आतल्या माणसासाठी. ती वाकलीय. ठोकून ती सरळ दिसेल, पण पुन्हा मार सोसणार नाही. हे म्हणाले, तुझ्या मैत्रिणीला विचार, या बाजूला कोण बसतं.

मी विचारत नाही. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आला होता, तेव्हा वर्षा त्याच खिडकीत पुस्तक धरून बसली होती.

माझ्या अब्बांची नजर गेली, तेव्हा त्यांच्या हातची कैची काढून घेताना अम्मीचं काय झालं ते मी पाहिलंय. पण अब्बांच्या कैचीखाली कापड होतं, तारे.

हे तू म्हणशील तसं करतील, तुझा शब्द मोडणार नाहीत. त्याचीच मला भीती वाटून राहिली. एकदा बदल म्हण. सिद्धेश्वर ओरडला तर ओरडू दे.

भाऊजींना सलाम. रागावलीस तरी पत्र टाक, एवढा हक्क ठेवते.
तुझी,
वहिदा

*

लातूर, ४ ऑगस्ट २०२४

प्रिय वहिदा हिस,
स. न. वि. वि.

ठोकाच, असा निरोप मी बालाजीबरोबर पाठवला तेव्हा तू दोन दिवस जेवली नाहीस, असं तो सांगत होता. रागव.

गाडी आली तशी ह्यांनी तिला पाण्यानं धुतली, दरवाजावरून हात फिरवला आणि कुंपणावरून गुरुलिंगला हाक मारून सांगितलं, बघ, माझ्या हातात आल्यापासून हिला खरचटलंसुद्धा न्हाई. गुरुलिंग शहाणा. हाव काका, म्हणाला, तुमचा हातच तसा हाय. मला घरात येऊन रडू फुटलं, आणि खरं सांगते, त्यात थोडा आनंदही होता.

मग परवा वर्षाराणीच्या क्लासमधून फोन आला, पोरगी वर्गात नुसती बसून असते. विचारलं तर बोलेना. शेवटी म्हणाली की ती आता पुढच्या सीटवर बसते. आजोबा, सिग्नल लाल हाय, आजोबा, डावीकडून बस येऊन राहिली, असं क्लासच्या दारापर्यंत सांगत जाते. वर्गात गेली की तिला पेन धरवत नाही. गेल्या सोमवारी चौकात गाडी मध्येच थांबवून त्यांनी तिला विचारलं, बाळ, तू कोणाची गं?

आणि मग ती मला म्हणाली, आजी, तू गाडी दुरुस्त कशाला करून आणलीस? मोडकीच ठेवली असतीस तर मला बसावं लागलं नसतं.

मी सिद्धेश्वरला फोन केला. सगळं सांगितलं. तो उद्या येतोय.

आता तरी जेव. मला तू लागणार आहेस.
तारामती

*

नांदेड, २२ ऑगस्ट २०२४

प्रिय तारा हिस,
सलाम आणि स. न.

सिद्धेश्वर गाडी लावून गेला. दरवाजा बदला, मग विकून टाका, म्हणाला. रागानं नाही, चहा न पिता बराच वेळ गाडीतच बसून होता.

भाऊजींचे फोन येतात. गाडी कधी देता, पोरीची ड्युटी खोळंबली, म्हणतात. हे सांगतात की पार्ट यायचाय. पहिल्यांदा फोन ठेवल्यावर हे उठून नमाजाला गेले. आता फोन आला की मीच बाहेर जाते.

तू कशी आहेस ते लिही, त्यांचं नको.
वहिदा

*

लातूर, १९ सप्टेंबर २०२४

प्रिय वहिदा हिस,
स. न. वि. वि.

गाडी गेल्याचं सिद्धेश्वरकडून कळलं. धर्माबादच्या कुणीतरी घेतली म्हणे. चांगलं झालं. वर्षाराणी रिक्षानं जाते, पुन्हा लिहायला लागलीय. आजोबांना चाहूल लागू नये म्हणून निघताना मात्र चप्पल हातात घेऊन जाते.

माझं विचारतेस. हे सकाळी आंघोळ करून खाकी शर्ट घालतात आणि ओट्यावर बसून विचारतात, गाडी कुठं हाय? मी सांगते, नांदेडला लालभाईंकडे, मागचा डावा दरवाजा गेलाय. कोणी घातली, म्हणून चिडतात. मग विचारात पडतात, ठोकून घ्यावा का बदलावा. जाणत्या माणसासारखे बोलतात गं तेवढा वेळ. पत्र्याचं, रंगाचं, सगळं आठवतं. ते ठोकायचं म्हणाले की मी बदलायचं म्हणते, ते बदलायचं म्हणाले की मी ठोकायचं. बाईमाणसाला काय कळतं, म्हणतात, आणि वाद जेवणापर्यंत पुरतो. निकाल लागू देत नाही मी. निकाल लागला की ते किल्ली मागतील.

आज दरवाजा बदलावा, असं त्यांचं मत होतं.

लालभाईंना म्हणावं, ह्यांचा फोन आला तर दरवाजा अजून आला नाही, असंच सांगा. मला माहीत आहे मी काय मागतेय. तरी माया कमी करू नको.

तुझी,
तारामती