आपोआप गेलं

८ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची! तळेऱ्याला एसटी बदलताना कंडक्टरने माझ्या दोन फुगलेल्या बॅगा बघून विचारलं, की सासरी चाललात की काय. कुणकेश्वरच्या अलीकडच्या फाट्यावर यज्ञेश स्कूटर घेऊन उभा होता. हा माझा साहेब. वयाने माझ्याएवढाच. त्याचे तीन होमस्टे आहेत आणि पर्यटक यावेत म्हणून गावाबद्दल ब्लॉग लिहायला त्याने मला पुण्याहून बोलावलंय. तीन महिने बघायचं, वाचक वाढले तर कायम. पुण्याच्या कंपनीने मला मे महिन्यातच नारळ दिला, हे मी त्याला सांगितलेलं नाही. घरीही नाही. घरच्यांना वाटतं, मीच कंटाळून सोडली.

राहायला राधाबाईंकडे मागची खोली. साठीच्या आहेत, विधवा, एकट्याच राहतात. थोडी भातशेती, थोडे काजू. आल्या आल्या त्यांनी हातात घावण्यांची ताटली दिली आणि 'चारुता' हे नाव फार लांब पडतं म्हणून जागच्या जागी माझी 'चारू' करून टाकली. मला हे गाव आवडणार.

१० सप्टेंबर, बुधवार

दोन लेख टाकले. एक समुद्रावर, एक घावण्यांवर. पण नवा लेख टाकला की तो फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर, गावाच्या आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाताने चिकटवत बसायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. म्हणून आज सगळं एकमेकांना जोडून टाकलं. ब्लॉगवर 'प्रकाशित करा' दाबलं की मथळा, फोटो आणि लेखाची लिंक आपोआप सगळीकडे. मी फक्त एक बटण दाबायचं आणि चहा प्यायचा.

राधाबाई कौतुकाने बघत होत्या. त्या चौथी शिकल्यात. भाच्याने दिलेल्या फोनवर माझे लेख मोठ्याने वाचतात, एकेका अक्षरावर बोट ठेवून, जोडाक्षर आलं की अडखळत. त्यांनी विचारलं, "म्हणजे तू नुसता लिवचा आणि गजाल आपसूक गावभर?" मी हो म्हटलं, बातमी आपसूक गावभर. त्यावर म्हणाल्या, मग आमच्या सावित्रीने आता करायचं काय, तिचं कामच गेलं! शेजारच्या सावित्रीकाकू कुंपणापलीकडे अबोली खुडत होत्या. त्याही हसल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज राधाबाईंच्या नवऱ्याचा, गणपतरावांचा महाळ होता. बारा वर्षांपूर्वी मुंबईकडे वारले. पितृपक्षात दरवर्षी राधाबाई अर्ध्या वाडीला जेवायला घालतात. वडे, खीर, काळ्या वाटाण्यांची आमटी, केळीची पानं. कावळ्यासाठी पान ठेवलं, पण कावळा तासभर फिरकलाच नाही. सावित्रीकाकू म्हणाल्या, काहीतरी इच्छा राहिलेली दिसते.

माणसं गेल्यावर विहिरीपाशी मी भांडी विसळू लागले, तेव्हा राधाबाईंनी मला सांगितलं. गणपतराव जिवंत आहेत. पनवेलला त्यांचा दुसरा संसार आहे. बारा वर्षांपूर्वी राधाबाई पत्ता शोधत तिथे गेल्या, दार एका सहा वर्षांच्या मुलीने उघडलं आणि आत वळून तिने "बाबा" अशी हाक मारली. राधाबाई उंबऱ्यावरूनच परत फिरल्या. तळेऱ्याच्या स्टँडवर स्वतःच्या हाताने बांगड्या फोडल्या आणि घरी येऊन सांगितलं की ते गेले, तिकडेच सगळं उरकलं.

"जित्या माणसाचो म्हाळ घालतंय गो," त्या म्हणाल्या. "लोक जेवतत, आणि माझा त्वांड वर होणा नाय."

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी त्यांचा ओला हात धरून शब्द दिला, की हे माझ्यापाशीच राहील.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी यज्ञेशने आकडे बघितले. सगळे लेख मिळून शंभर वाचक नाहीत आणि त्यातले निम्मे त्याचे चुलते. महिनाअखेरपर्यंत बघू, म्हणाला. बोलण्यात गोड आहे, पण 'बघू' कसं म्हणतात ते मला पुण्यात कळलेलं आहे.

दुपारी बसून महाळाची सगळी हकिगत लिहून काढली. फक्त माझ्यासाठी. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं लिखाण. मसुदाच होता तो. चारच्या सुमारास तो गेला. कसा गेला कळत नाही. आपोआप गेला. दोनच मिनिटांत कुंपणापलीकडे सावित्रीकाकूंचा फोन वाजला, मग पलीकडच्या घरातला, मग त्याच्या पलीकडचा. मी लेख काढून टाकला, पण तोवर तो पुढे, आणखी पुढे गेला होता.

राधाबाईंनी विचारायच्या आत मीच धावत जाऊन सांगितलं, की मी काही केलं नाही, मशीनने केलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सात हजार वाचक. लेख काढल्यावरही त्याचे फोटो फिरतायत. यज्ञेश माझ्याशी अदबीने बोलतो.

सकाळी राधाबाईंचे दोघे दीर अंगणात आले. जिवंत भावाला मारलंस, आम्हाला त्याचं जेवण घातलंस, असं ओरडत होते. वाडीतली माणसं कुंपणाला लागून उभी. राधाबाई डोक्यावरून पदर घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पाप माझं, काय ती शिक्षा मला करा. मग आवाज चढवून म्हणाल्या, "पण त्या चेडवाक कोणी कायेक बोला नको! मशिनीन केल्यान ता."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मीच. मी दाराआड होते. बाहेर गेले नाही. दुपारी त्यांनी मला जेवायला वाढलं, आणि मी जेवले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

माझ्यावर बोल राहू नये म्हणून राधाबाई आज मला रवळनाथाच्या देवळात घेऊन गेल्या. पन्नासेक माणसं जमली होती. इथे काही अडलं की देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गुरव एकेक वाक्य देवाला सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला होकार देतात. हरिश्चंद्र गुरवांनी आधी मला तीनदा विचारलं, तुझ्या हातून झालं का? मी तीनदा नाही म्हटलं. मग त्यांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, ह्या परगावचा चेडू तुझ्या पायाकडे इला आसा."

"व्हय म्हाराजा!"

"जा गेला ता ह्येच्या हातान नाय, आपसूक गेला, असा ह्या सांगता."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येचो शबुद खरो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" राधाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मीही म्हटलं.

इथे तरी खरं लिहिते. बटण मीच दाबलं. मसुदा वाचून झाला, यज्ञेशचं ते 'बघू' आठवलं, आणि दाबलं. बोट थरथरलंसुद्धा नाही. लाजेने मला ह्या वहीकडेही बघवत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी ब्लॉगवर नवा लेख. मी लिहिलेला नाही.

सावित्रीकाकूंबद्दल आहे. त्यांचा मुलगा समर्थ मुंबईत बँकेत नाही, तो खारेपाटणला मामाकडे तोंड लपवून बसलाय. हे त्यांनी मला अबोली खुडताना सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस म्हणून. मी ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण भाषा माझी. विनोदही माझेच, मी केले असते तसे. फेसबुक, ग्रुप, सगळीकडे गेलाय. आपोआप.

खाली चारशे लोकांचा एकच शेरा. व्हय म्हाराजा. त्यातल्या दोघांना विचारलं. आम्ही असलं काही लिहिलेलं नाही म्हणाले.

२१ सप्टेंबर, रविवार

आज यज्ञेश. त्याचे बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा त्यांची हाक त्याने ऐकली होती. फोनवर होता, गेला नाही. पहिल्या दिवशी स्कूटरवर सांगितलं होतं त्याने मला. वाऱ्यात मला नीट ऐकूसुद्धा आलं नव्हतं. लेखात शब्दन् शब्द आहे.

सगळी जोडणी काढली. पासवर्ड बदलले. तरी जातं. यज्ञेशने दारातूनच सांगितलं, की ब्लॉगच उडवून टाक. मी प्रयत्न केला. ते बटण चालत नाही. तसं त्यालाही सांगितलं, राधाबाईंनाही. राधाबाईंनी विश्वास ठेवला.

एकतीस हजार.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मला बघितलं की लोक तोंडं मिटतात. दुकानदार बोट दाखवून विचारतो, काय हवं. काही उपयोग नाही, आज त्याचाही लेख आला.

गुरवांकडे गेले. खरं सांगितलं नाही, नुसतं विचारलं, की घातलेलं गाऱ्हाणं परत घेता येतं का. ते म्हणाले, येतं. त्याच जागी, त्याच माणसांपुढे, ज्याचा शब्द त्याने स्वतः मागे घ्यायचा.

म्हणजे राधाबाईंपुढे.

उद्या सकाळी सांगेन.

२४ सप्टेंबर, बुधवार

गेले नाही. ताप आहे असं सांगितलं. ताप नाही.

राधाबाईंनी कपाळावर हात ठेवला, पेज करून आणली. त्यांच्याशी वाडीत कुणी बोलत नाही, मी सोडून.

आज तीन लेख. एकात एक मुलगी आहे, पनवेलची, आता अठरा वर्षांची. तिला आजवर ठाऊक नव्हतं. आता कळलंय.

मी गप्प राहिले की आणखी एक घर —

उद्या नक्की.

२५ सप्टेंबर, गुरुवार, दुपार

लॅपटॉप यज्ञेशकडे फेकून आले. फोन बंद. आता फक्त ही वही. ही कुठेही जोडलेली नाही.

देवळात गेले नाही.

ओटीवर राधाबाई त्यांच्या फोनवर मोठ्याने वाचतायत. एकेका अक्षरावर बोट ठेवून. वाटलं, जुना लेख असेल —

तळेऱ्याला एसटी बदलताना, वाचतायत. सासरी चाललात की काय.

ही वही.

अंगणात माणसं आहेत. खिडकीतून पाय दिसतात, खूप पाय. राधाबाई एक वाक्य वाचून थांबतात आणि अंगण म्हणतं, व्हय म्हाराजा.

मला कंपनीने काढलं. व्हय म्हाराजा.

ओला हात धरून शब्द दिला. व्हय म्हाराजा.

'बटण मीच दाबलं' इथे अडखळल्या. त्यात एकही जोडाक्षर नाही. पुन्हा वाचलं त्यांनी. पुन्हा. अंगण गप्प. मग त्या एकट्याच म्हणाल्या, अगदी हळू. व्हय म्हाराजा.

बाहेर जायला हवं. दार चार पावलांवर आहे. जाऊन त्यांचे पाय धरायचे, फक्त एवढंच —

ताप नाही, वाचलं. आता आजचं वाचतायत. मी लिहितेय तेच. शब्दाला शब्द. मी थांबले की —

थांबल्या नाहीत. पुढे गेल्या. मी अजून न लिहिलेलं —

रोज सकाळी उठल्यावर मी आधी आकडा बघायचे, वाचतायत. एकसष्ट हजार, वाचतायत. ब्लॉग उडवायचं बटण चालत नाही असं मी सगळ्यांना सांगितलं —

राधाबाई, नको. ते नको.

मला लिहायचं नाही, पण हात आपोआप — ते बटण मी एकदाही दाबून पाहिलं ना