केरबामामांचं नाव

प्रिय शिवांजली,

दहा महिन्यांनी माझं अक्षर बघून कागद बाजूला टाकावासा वाटेल. पण शेवटपर्यंत वाच.

मंगळवारी पंचगंगेचं पाणी पुन्हा चढलं आणि नेमका आदल्या दिवशी आपल्या डायलिसिस केंद्राचा कॉम्प्युटर जळाला. कुठला रस्ता बंद व्हायच्या आधी कुठल्या पेशंटला आणायचं, हे सांगणारा हॅस्केल या कॉम्प्युटरच्या भाषेत तू लिहिलेला प्रोग्रॅम त्यातच गेला. गेल्या पुरानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. पण चाळीस पेशंट, प्रत्येकाचा वार वेगळा; हातानं यादी करायला वेळच नव्हता. तुझी मूळ फाइल, जिच्यात आपण पेशंटची नावं घालायचो ती, तेवढी माझ्या पेनड्राइव्हवर होती.

माझ्या लॅपटॉपवर हॅस्केल उतरवायला घेतलं. नेट दोनदा तुटलं. आपला ड्रायव्हर पिराजी गाडी चालू ठेवून दारात येऊन म्हणाला, "ताई, नावं सांगा की. चिखलीचा रस्ता चारला बंद व्हतोय." तीन वाजून गेले होते. प्रोग्रॅम बांधायच्या, म्हणजे फाइलमधलं सगळं घेऊन चालणारा प्रोग्रॅम तयार करायच्या, तुझ्या पायऱ्या मला आठवेनात. मग तू एकदा दाखवलेलं आठवलं: पहिल्या ओळीत फाइल कशानं चालवायची ते लिहायचं, चालवायची परवानगी द्यायची, की न बांधता ती थेट चालते. पहिल्यांदा एरर आली. स्पेलिंग चुकलं होतं. दुसऱ्यांदा सहा नावं आली.

चौथं केरबामामांचं होतं. पिराजीनं ते वाचलं आणि हळूच विचारलं, "हे नाव तवा का न्हाय आलं?" बाकीचे पाचजण त्यानं आणले, शेवटच्या खेपेला चाकं बुडेपर्यंत पाणी होतं.

गेल्या वर्षी तू बहिणीच्या लग्नाला जयसिंगपूरला गेली होतीस, तेव्हा केरबामामा नवीन पेशंट म्हणून आले. त्यांचं नाव फाइलमध्ये मी घातलं, पण प्रोग्रॅम पुन्हा बांधलाच नाही, हे परवा ते नाव यादीत आलं तेव्हा कळलं. पुरात चालला तो जुनाच, त्यांच्या नावाशिवायचा. मामा चिखलीत अडकले आणि बोट पोचायच्या आत गेले. तू मला विचारलं होतंस, "पुन्हा बांधलास ना?" मी हो म्हणाले. तेव्हा मला नक्की आठवत नव्हतं, आणि खरं सांगू, आठवून बघायचंही नव्हतं. सगळ्यांनी तुझ्या प्रोग्रॅमला दोष दिला, तू नोकरी सोडलीस, मी गप्प राहिले.

काल विश्वस्तांना सगळं लिहून दिलं. उद्या सकाळी मामांच्या बायकोकडे, चिमणाबाईंकडे जाणार आहे. नवऱ्याचा विषय निघाला की त्या अजून तुझं नाव घेऊन रडतात. उद्यापासून त्यांनी माझं घ्यावं. त्यांच्या दारात उभी राहण्याआधी हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं.

तुझी म्हणवून घ्यायची अजून परवानगी असेल तर, तुझीच
क्रांती