खमिराची हाळी

१२ मे
बोटीतून उतरले तेव्हा आस्लाउग धक्क्यावर दोन्ही हात हलवत उभी होती. "आलीस का गं एकदाची, तोरुन! मला वाटलं, बर्गनचा पाऊस सोडवत नाही तुला." कॉलेजात पाच वर्षं एका खोलीत काढली आम्ही. आता वीस वर्षांनी तिनं बोलावलं आणि मी कचेरीतली वास्तुविशारदाची नोकरी सोडून आले. मागं उभा कडा, पुढं फियॉर्डच्या चिंचोळ्या खाडीचं काळं पाणी, मध्ये हातरुमालाएवढं हिरवं कुरण. गाडीरस्ता नाही. इथं लाकडी स्नानगृह आणि बीअरची भट्टी उभी करायची आहे, तीही डोंगराला सुरुंग न लावता. दुपारी मटण-कोबी खाऊन पोट फुटेस्तोवर हसलो.
तिच्या नवऱ्याचं, येर्मुंडचं विचारलं. स्वीडनमधल्या कुणा बाईबरोबर निघून गेला म्हणाली. मी तिचा हात घट्ट धरला.

३ जून
आराखडा जमला! भट्टीत बीअर थंड करताना जे पाणी तापतं तेच खाली स्नानाच्या टाक्यांत सोडायचं. उरलेला चोथा मेंढ्यांना. ओंडके याच उतारावरच्या पाइनचे, खाचेत खाच बसवलेले, फटींत शेवाळ ठासलेलं. छपरावर भूर्जाची साल, तिच्यावर गवत रुजलेली माती.
हालवार नावाचे सुतार पलीकडच्या काठावरून स्वतःच्या बोटीनं येतात. चौऱ्याहत्तर वर्षांचे. माझं रेखाटन पाहून म्हणाले, "पोरी, कागदावर लाकूड आकसत नाही. खिडकीच्या डोक्यावर चार बोटं जागा सोड, नाहीतर दोन वर्षांत काच फुटेल." सोडली.
आस्लाउग झाडं कापताना लावतात तसली जाड लाल कानझाकणी दिवसभर लावून असते. अंगणात, मेंढ्यांत, जेवतानासुद्धा. करवतीनं कान दुखावलेत म्हणे. काही सांगायचं तर तिच्यापुढं जाऊन हातवारे करावे लागतात.

२० ऑगस्ट
वाफेची खोली आणि भट्टीघर उभं राहिलं. मोठं स्नानगृह पुढच्या वर्षी. आज पहिल्यांदा दगड तापवून त्यांवर पाणी ओतलं, तर ओल्या पाइनचा असा वास सुटला की डोळ्यांत पाणी आलं. हे मी केलं. आस्लाउग म्हणाली, "माझ्यासाठी आजवर कुणी एवढं केलं नाही गं."

४ ऑक्टोबर
नव्या भट्टीतली पहिली बीअर. सकाळपासून बीअरच्या पाण्यात जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळत होत्या. खमीर त्यांच्या घरचं, लाकडी माळेवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं. ते टाकताना छाती फोडून हाळी द्यायची, म्हणजे बीअर तेज होते, अशी इथली रीत.
मान घरच्या माणसाचा. पण आस्लाउग म्हणाली, "घर तू बांधलंस, खमीरही तूच टाक." हालवारनी हातातला रंधा खाली ठेवला, तिच्याकडं एकदा बघितलं आणि बाहेर निघून गेले.
मी दारात उभी राहून ओरडले. कड्यावरून माझा आवाज परत आला आणि विरला. आस्लाउगनं कानझाकणी काढली, थोडा वेळ नुसती ऐकत उभी राहिली आणि मग मला मिठी मारून हमसाहमशी रडली. आनंदानं, असं मला वाटलं.

५ ऑक्टोबर
सकाळी झऱ्यावर तोंड धूत होते. कड्यावरून हाळी आली. माझीच. कालचीच. वाऱ्यानं पानही हलत नव्हतं.
आस्लाउगला सांगितलं. डोंगर आहे, घुमतो कधीकधी, म्हणाली. माझ्याकडं न बघता.
हालवार हत्यारं न्यायला आले होते. त्यांनी मला धक्क्यावर नेऊन सांगितलं. येर्मुंड स्वीडनला गेलेला नाही. दोन वर्षांपूर्वी कड्यानं त्याची हाळी दुसऱ्या दिवशी परत दिली, आणि पाचव्या दिवशी तो कड्याखाली सापडला. ज्याची हाळी अशी उशिरा परत येते त्याला कडा बोलावत राहतो, नाना मिषांनी. पुढच्या खमिराला दुसऱ्या कुणी हाळी दिली तरच पहिला सुटतो.
"एप्रिलात आस्लाउगनं खमिराला दिलेली हाळी अशीच दुसऱ्या दिवशी परत आली होती. मेमध्ये तू आलीस. आता तूच बघ काय ते."
तुम्ही आधी का नाही बोललात, विचारलं. म्हणाले, "घाबरलो. मलाही इथंच राहायचंय, पोरी. चल, बस बोटीत, आत्ता."
मी बसले नाही. तिला विचारल्याशिवाय कशी जाऊ? उद्या सकाळी या म्हटलं.
विचारलं. तिनं नाकारलंसुद्धा नाही. बटाटे सोलत होती. म्हणाली, "तोरुन, मला एक लेक आहे. तुझ्यामागं रडणारं कोण आहे?"

६ ऑक्टोबर
पहाटे तिची बोट गेली. मी खिडकीतून पाहिली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं.
धुकं इतकं की धक्का दिसत नाही. हालवार आले नाहीत. फोनला रेंज धक्क्यावरच, म्हणून निघाले. अर्ध्या वाटेवर माझाच आवाज समोरून आला, धुक्यातून, हाकेच्या अंतरावर. धावत परतले. वाफेच्या खोलीत आहे. हिचं दार जाड, मीच तसं आखलं होतं.

७ ऑक्टोबर
धुकं. फटीतलं शेवाळ उपसून कानांत बोळे घातले. तरी ऐकू येतं. आज भिंतीला लागून. माझ्याच आवाजात हसतं, बटाटे सोलल्यासारखं काहीतरी ओंडक्यावर खरवडतं—
पाच वर्षं एका खोलीत. माझ्या आईच्या दहनाला तीच होती शेजारी, माझा हात धरून. त्या हातानं—

८ ऑक्टोबर
दुपार असावी. आवाज बदललाय. आता आस्लाउगचा.
रडतेय. म्हणतेय, "चुकले गं मी. निम्म्या वाटेवरून परत आले. तोरुन, मला माफ कर. दार उघड."
बोटीचा आवाज आला नव्हता. मला ठाऊक आहे. आस्लाउगनं आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. ती असती तर दार उघडायला लावलं असतं, विनवलं नसतं. ही ती नाही.

कानांतले बोळे काढले. मीच.
पुन्हा म्हणाली. माफ कर, म्हणाली. माझं नाव घेऊन. तोरुन नव्हे, कॉलेजच्या खोलीवरचं ते जुनं नाव, ज्या नावानं फक्त तीच—
ही ती नाही. ही ती नाही. पण हे कुणीतरी म्हणायला हवं होतं मला. एकदा तरी. तोंडावर, डोळ्यांत बघून—
कडी थंडगार आहे. फक्त बोटभर उघडते. फक्त तिचं तों