तुझी डवली मोडली

आये, तुझी डवली मोडली. तीच, पेज ढवळायची करवंटीची पळी, जिला तू चिव्याच्या काठीचा दांडा स्वतः तासून बसवला होतास. परवा रविवारी दुपारी, बाहेर पाव्हणे पानावर बसायच्या बेतात असताना, मी ती तुझ्या नातीच्या हातावर हाणली. करवंटीचे दोन तुकडे झाले आणि दांडा माझ्या मुठीत राहिला. तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत वळ उठलाय. माझ्या हातावर तू दिलेला भाजल्याचा डाग आहे ना, बरोबर त्याच जागी. जागा शोधून मारल्यासारखं. शोधली नव्हती गो, पण बसलं तिथेच.

पाव्हणे म्हणजे आपल्यातले कोणी नव्हेत. तू गेल्यावर मी वेळेकडच्या, समुद्राच्या बाजूच्या दोन खोल्या धुऊन-सारवून भाड्याने द्यायला लागले. बाहेर ‘न्याहारी व निवास’ अशी पाटी आहे. मुंबई-पुण्याची माणसं येतात, दोन दिवस समुद्र बघतात, सुरमई-बांगडा खातात आणि जातात. मासळीचं जेवण मला कोणी शिकवायला नको. पण या नाताळात पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी भूमध्य समुद्राच्या काठची माणसं जेवतात तसं जेवायला सांगितलंय. आम्ही शाकाहारी आहोत, आणि आता दूध-तूपही बंद. रविवारी आमच्या लग्नाला तीस वर्षं होतात, तर त्या दिवशी तेवढं साजरं जेवण कराल का?” मी ऑफिसात बोलतात तसं “हो हो, करू की” म्हटलं आणि फोन ठेवून कपाळाला हात लावला. मुलगी सुट्टीसाठी घरी आली होती. अकरावीला आहे ती आता, कुडाळला हॉस्टेलवर राहते. तिला म्हटलं, “समुद्राच्या देगेर रवतत आणि मासे खायत नाय? खंयचो गो ह्यो समुद्र?” ती हसत सुटली. “खातत गो आये. पण ह्यांका नको. भाजी, कडधान्य, फळां, सुको मेवो. आणि नारळ नको.” नारळ नको म्हटल्यावर मी खालीच बसले.

तिने मात्र कंबर कसली. तीन दिवस वही घेऊन मांडी घालून बसायची. काबुली चणे भिजत घालायचे, शिजवून भाजलेल्या तिळांबरोबर गुळगुळीत वाटायचे, वर लिंबू. गव्हाऐवजी आपलेच लाल तांदूळ, मोकळे शिजवून त्यात भाजलेले काजूगर. काकडी, टोमॅटो, कांदा मोठा चिरून, आंबटाला कोकमाच्या सोलांचं आगळ. भोपळी मिरची भरून. शेवटी गोड म्हणून पपई आणि चिकू, साखर नाहीच. आणि सगळ्यात मधोमध निखाऱ्यावर भाजलेली वांगी, लसूण घालून कुस्करलेली. ऑलिव्हचं तेल शोधायला कुडाळ पालथं घातलं, शेवटी मेडिकलात मिळालं, एवढुसा डबा, बाळाच्या अंगाला चोळायचं. मी म्हटलं, पाव्हण्यांना जेवायला वाढूया की न्हाऊ घालूया? मग त्या बाईंनीच पुण्याहून बाटली आणली. मी सगळं करत होते, पण तोंडाने गप्प नव्हते. “ह्या काय जेवाण? गोठ्यात घालूचा.” असं दिवसातून दहा वेळा बोलले असेन. तुझीच जीभ आहे माझी. ती फक्त म्हणायची, “आपलो पण समुद्रच मां? मगे आपणाक कित्याक जमाचा नाय?”

रविवारी सकाळपासून ती चुलीपाशी होती. वांगी तिने भाजली, सोलली, कुस्करली, चव बघून मीठ घातलं, आणि पानं मांडायला बाहेर गेली. मला म्हणाली, “जरा ढवळून वाटयेत काढ.” मी डवली घेतली. चुलीच्या डाव्या अंगाला फळीवर गोलम्याचा डबा असतो, तुझ्या वेळेपासून तिथेच. गोलमो, सुकवलेली बारीक कोळंबी, भाजून कुटून ठेवलेली. आपल्या घरात वांगं कधी गोलम्याशिवाय झालंय का, सांग. माझं लक्ष बाहेर पाव्हण्यांच्या बोलण्यात होतं, आणि डावा हात डब्यात गेला. मूठभर पडलं. ढवळलंसुद्धा. वास आला तेव्हा तुझी नात दारात उभी होती.

तिने टोप उचलला आणि मागच्या दाराने सगळं माडाच्या मुळात ओतून आली. मग माझ्यासमोर उभी राहून हळू आवाजात, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाली, “तू मुद्दाम घातलंस.” मी म्हटलं, “चुकान पडला गो, हातान सवयीन घातला.” ती म्हणाली, “तेव्हा पण ताच म्हटलं होतंस. आजयेक. मिया हुंबऱ्यार बसललंय. बघितलंय मिया.” तेवढंच. मी हाणली डवली.

तुझ्या नातीने बाही खाली ओढली आणि ताटं घेऊन बाहेर गेली. आवाज बाहेर गेला असणारच. त्या गृहस्थांनी विचारलं, “आज निखाऱ्यावरचं वांगं मिळणार होतं ना?” ती म्हणाली, “करपलं काका. माझ्याकडूनच करपलं.” माझ्यासाठी खोटं बोलली. त्यांनी चण्याची चटणी दोनदा मागून घेतली, लाल भात बोटं चाटून संपवला, बायकोला म्हणाले, आजारी पडल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो. मी आत चुलीपाशी बसून सगळं ऐकत होते आणि दांडा हातात तसाच होता. मला माझीच शिसारी आली.

आता तुझ्याशी त्या सोमवाराचं बोलायला हवं. अकरा वर्षं झाली. माझा नवरा जाळ्याच्या दोराने मारायचा ते तुला ठाऊक होतं, पुढचा दात त्यानेच पाडला, तेही ठाऊक होतं. मग तो रत्नागिरीकडे कोणाच्या तरी ट्रॉलरवर निघून गेला आणि मी पोरीला घेऊन तुझ्याकडे आले. रात्री झोप लागायला लागली मला. आणि तू काय केलंस? तो परत यावा म्हणून सोळा सोमवार धरलेस. मी पाया पडून सांगितलं, नको गो, तो नकोच आहे मला. तू म्हणालीस, “मिया सोसलंय, तुका सोसूक काय झाला? घोवाशिवाय बाईक कोण इचारता?” तू, जिने भरल्या बाजारात हाताला हात लावणाऱ्या गिऱ्हाइकाच्या थोबाडावर सुरमईचं शेपूट हाणलं होतं, ती जावयापुढे पदर सावरून उभी राहायचीस. मला तुझा इतका राग यायचा की आडाळ्यावर मासे कापताना बोटं कापून घ्यायचे. कार्तिकात धरलेलं व्रत शिमग्याच्या आधी पंधराव्या सोमवाराला आलं. त्याच सकाळी कोणीतरी निरोप आणला की जावई पुढच्या आठवड्यात घरी यायचं म्हणतोय. तू आनंदाने रडलीस. देव पावला, म्हणालीस.

संध्याकाळी तुझा उपास सोडायला मी वांग्याचं भरीत केलं. तू दोन घास खाल्लेस, दाताखाली गोलमो आला आणि थांबलीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. शेजारी पेजेचं मडकं रटरटत होतं, त्यात ही डवली होती. तू ती तशीच उचललीस आणि माझ्या हातावर मारलीस, पेजेसकट. कातडी सोलून निघाली. पोर उंबऱ्यावर किंचाळत होती आणि तू ओरडत होतीस, “माझो सोमवार मोडलंस! तुझो संसार मोडलंस!” मी म्हणत राहिले, चुकलं गो आये, सवयीने पडलं, हात चुकला. रात्रभर तू कोरफड लावत बसलीस. सकाळी डवली धुऊन खुंटीला टांगलीस आणि परत कधी हातात घेतली नाहीस. तू गेल्यावर मी ती खाली काढली. चांगली डवली वाया कशाला घालवायची, असं तेव्हा वाटलं.

नवरा आला नाही. पुढच्या आठवड्यात नाही, पुढेही नाही. पुढे कळलं की त्याने तिकडेच दुसरं बिऱ्हाड केलंय. तू मात्र धरून चाललीस की व्रत मोडलं म्हणून तो आला नाही. पुढच्या कार्तिकात पुन्हा पहिल्या सोमवारापासून सुरू करणार होतीस. त्याआधीच, श्रावण लागायच्या आत, ताप डोक्यात गेला तुझ्या. शेवटच्या दिवशी शुद्धीवर आलीस तेव्हा माझा हात उलटा करून डाग बघितलास आणि म्हणालीस, “तुझो नुसतो हात चुकललो. आणि मिया तुका भाजलंय. माका माफ कर गो बाय.” तुझ्यासारख्या बाईने. आयुष्यात कोणापुढे न नमलेल्या बाईने.

मी म्हटलं, “केलंय माफ. जावंदे.” आणि पेजेचा चमचा तुझ्या तोंडाला लावला.

हात चुकला नव्हता, आये. पोरीने बघितलं ते खरं आहे. मी डबा उघडला, मूठ भरली, क्षणभर थांबलेसुद्धा, मग तूप-मीठ घालावं तसं घातलं आणि वास दबायला वर भरपूर मिरची घातली. दुसरा उपाय सुचत नव्हता मला. तो परत आला असता तर मी आज जिवंत नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्याबद्दल मी माफी मागत नाही. पण तू माफी मागितलीस आणि मी ती घेतली, ते बरोबर केलं नाही. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं.

परवा मात्र खरंच चुकून पडलं. आणि त्यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही, ठेवणार तरी कशाला? पाच वर्षांची असो की सोळाची, पोरीच्या डोळ्यांना दिसतं ते दिसतं. ती माझ्याशी गेले दोन दिवस फक्त कामापुरतं बोलतेय. वही तिने चुलीत घातली नाही, बॅगेत घातली, तेवढंच बरं. वळ काळानिळा झालाय. मी कोरफड कापून बशीत ठेवली, तिने लावली नाही.

चारची एसटी आहे तिची कुडाळला. बाहेर पडवीत बॅग घेऊन बसलीय, पाठ माझ्याकडे आहे. साडेतीन होऊन गेले. दहा पावलांवर आहे ती, आणि मी इथे चुलीपाशी बसून तुला लिहितेय, कारण तू उलट बोलणार नाहीस.